लुकाभाऊच्या घरचं ‘न्हाई’

हे प्रकरण मी आजवर टाळत आलो. गिरणीच्या, बाबांच्या, पालमजवळच्या आमच्या वाडीच्या गोष्टी मी मुलांना सांगितल्या, नातवंडांना सांगितल्या, परभणीच्या आमच्या चर्चच्या मंडळीत तरुणांसमोर उभं राहूनही सांगितल्या. “रोजच्या जगण्यात खरेपणा कसा ठेवायचा, ते शमुवेलकाकांकडून ऐका,” असं म्हणून पाळक मला पुढं बोलावायचे आणि मी बाबांबद्दल बोलायचो. ते सगळं खरंच होतं. फक्त त्या खऱ्याला लागून जे होतं, ते मी दर वेळी झाकून ठेवलं. गेल्या उन्हाळ्यात पूर्णेकडच्या एका गावातून निरोप आला की हौसाबाई गेल्या. ज्यांना सांगायचं होतं त्या आता ऐकायला नाहीत, आणि म्हणून मला लिहायला जमतंय. यात माझं धाडस काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वाडीत ख्रिस्ती घर आमचं एकच. पुढं पिठाची गिरणी, मागं दोन खोल्या, त्यामागं न्हाणी आणि न्हाणीच्या पलीकडं आमचं शेत, बांधापर्यंत काळं आणि बांधापलीकडं मुरमाड. इंजिन काळ्या तेलाचं होतं. त्याच्या नळीवर बाबांनी एक फुटका डबा बसवला होता, त्यामुळं ‘पुक पुक’ असा आवाज लांबच्या वस्त्यांवर जायचा आणि बाया त्या आवाजावर डोक्यावर डबे घेऊन निघायच्या. घरात सगळ्यावर पीठ असायचं. पाण्याच्या माठावर, आईच्या भुवयांवर, भिंतीवरच्या लाकडी क्रुसावर. दर शनिवारी आई तो क्रूस पदरानं पुसायची आणि रविवारी तो पुन्हा पांढरा.

गिरणीवाल्याच्या घरी दळण कधी संपत नाही, अशी सगळीकडं थट्टा चालते. खाली सांडलेलं, चक्कीत अडकलेलं, पट्ट्याखाली साचलेलं असं दिवसभरात बरंच पीठ जमतं आणि ते गिरणीवाल्याचं, असा रिवाजच आहे. बाबा ते संध्याकाळी झाडून एका पाटीत भरायचे आणि बाहेर गाईबैलांपुढं ठेवायचे, ज्याचं जनावर येईल त्याचं. आमची ज्वारी वेगळी. आईसुद्धा तिचा डबा रांगेत ठेवायची. “मालकीणबाई, आज नंबर लागंल का तुमचा?” म्हणून बाया तिला चिडवायच्या. आई म्हणायची, “न्हाई लागला तर उपाशी निजू. तुमच्या लुकाभाऊला सांगा, मला काय सांगताव?”

आमच्या घरात शपथ घ्यायची नसे. गावात कुणी बेलभंडार उचलायचं, कुणी गळ्याला हात लावून आईची आण घ्यायचं. बाबा म्हणायचे, ज्याला शपथ लागते त्याचं बिनशपथेचं बोलणं खोटं असतं. आपण एकदाच बोलायचं. गावानं हे इतकं मनावर घेतलं होतं की बांधाचा वाद असो की बैलाच्या सौद्याचा, लोक बाबांना काय पाहिलं ते विचारायचे आणि तिथं विषय मिटायचा. ‘लुकाभाऊच्या घरचं न्हाई म्हंजी न्हाई,’ असं म्हणायचे. ‘लुकाभाऊचं’ नव्हे, ‘लुकाभाऊच्या घरचं’. त्यात मीही आलो, हे मला फार उशिरा कळलं.

बिरूमामा दरवर्षी शिमग्यानंतर यायचे. मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचं, ज्याच्या रानात मेंढरांचा वाडा बसवायचा त्याच्याकडून ज्वारी घ्यायची, असं त्यांचं चालायचं. मेंढरं रात्री रानात बसली की खत होतं, आणि दिवसा ती वेचणी झालेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, पाला खातात. मामा उंच, वाळलेले, आवाज मात्र घागरीतून आल्यासारखा. ते आले की गिरणीच्या दारात बसून बाबांशी देवावरून भांडायचे, हा त्यांचा आणि आमचाही आवडता कार्यक्रम.

“तुमचा देव लय कडक दिसतो, लुकाभाऊ,” मामा म्हणायचे. “आमच्या देवाला कोंबडं दिलं की विसरून जातो.”

“कोंबडं खातं कोण, देव का तुमी?”

“देव वास घेतो. मास आमी खाताव.”

“मंग माफी बी वासाचीच मिळत आसंल,” असं म्हणून बाबा हसायचे आणि मामांना गुळाचा चहा द्यायचे.

मामांची एक रीत होती. नव्या रानात मेंढरं घालण्याआधी ते शेतकऱ्याला विचारायचे, औषध मारलंय का. त्या काळी पऱ्हाटीवरच्या अळीला जे औषध मारायचे ते जहर होतं, नुसता वास डोक्यात चढायचा. शेतकरी नाही म्हणाला तरी मामा कळपातली एखादी म्हातारी बकरी त्या पऱ्हाटीत बांधायचे, तिला दिवसभर पाला खाऊ द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती धड उठली तरच वाडा सोडायचे. ही रीत ते पाटलाच्या रानातही पाळत. पाळत नसत ती फक्त आमच्याकडं. “तुमच्या रानात बकरी बांधायची म्हंजी तुमच्या तोंडावर हात ठेवायचा,” असं ते बाबांना म्हणाले होते. बाबांना त्या वाक्याचा अभिमान वाटायचा. आज मला वाटतं, बाबांनी तेव्हा म्हणायला हवं होतं की मामा, बकरी बांधा. खरं बोलणाऱ्यालाही कुणीतरी तपासावं. पण हे शहाणपण नंतरचं आहे.

मी त्या वर्षी मॅट्रिक होऊन घरी होतो. पुढं परभणीला कॉलेजात जायचं ठरलं होतं. शेत बाबांनी माझ्याकडं सोपवलं होतं आणि पऱ्हाटीची शेवटची वेचणी माझी, असं म्हणाले होते. तिच्या पैशातून कपडे शिवायचे. माझ्या डोळ्यांपुढं त्या दिवसांत सतत एक टेरिकॉटची पँट असायची. माघ सरता सरता पुन्हा थोडी बोंडं धरली आणि त्यांना अळी लागली. मी औषधाचं काढलं तर बाबा म्हणाले, “नको. मामाला शब्द दिलाय. अळीनं खाल्लं तर खाऊ दे.”

मग एके दिवशी इंजिनचा पट्टा तुटला आणि नवा आणायला बाबा परभणीला गेले. गिरणी बंद होती. ती शांतता मला अजून आठवते, सगळं गाव कान देऊन ऐकतंय अशी. उरलेल्या औषधाचा डबा गिरणीच्या माळ्यावर कुलपाच्या पेटीत असायचा आणि किल्ली कुठं असते ते मला माहीत होतं. मामा यायला अजून अवकाश आहे, तोवर उतरून जाईल, असा हिशेब करून मी भर दुपारी पाठीवर पंप घेऊन सगळं रान फवारलं. पानांवरून थेंब खाली पडत होते. बांधावरच्या बाभळीवर एरवी चिमण्यांचा कालवा असायचा, त्या दिवशी एकही नव्हती, किंवा मला तसं आठवतंय. घरी आलो तेव्हा आई म्हणाली, “कसला रे वास?” मी म्हणालो, “रॉकेलचा.” तिनं माझा सदरा धुवायला टाकला.

मामा लवकर आले. वरच्या अंगाला ओढे आटले होते, म्हणून त्यांनी दोन मुक्काम गाळले होते. बाबा नवा पट्टा चढवत होते, मी खाली धरून उभा होतो, आणि रस्त्यावर धूळ दिसली, मागून घंट्यांचा आवाज. या खेपेला मामांबरोबर धुरपामामी आणि मुलगा मल्हारी यांच्याशिवाय नवी सून होती. हौसा. लग्न होऊन थोडेच दिवस झाले असावेत, हिरवा चुडा कोपरापर्यंत. ती घोड्याच्या मागं चालत होती आणि घोड्यावरच्या पाट्यांतलं कोकरू पडू नये म्हणून एक हात वर धरून होती.

“लवकर आलाव,” मामा म्हणाले. “चालंल का?”

“शब्द दिलाय की,” बाबा म्हणाले.

“औषध?”

बाबांनी माझ्याकडं बोट केलं. “रान त्याच्याकडं हाय. त्याला विचारा.”

मामा माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर संशय असता तर कदाचित मी खरं बोललो असतो. ते हसत होते. “काय शामू, मारलंस का काही?”

बाबा शेजारी उभे होते. मी हो म्हणालो असतो तर ते ओरडले नसते, मारलं तर मुळीच नसतं. नुसतं माझ्याकडं बघत राहिले असते आणि ते बघणं मला नको होतं. एवढंच कारण. लोक समजतात की मोठ्या पापाला मोठं कारण असतं. मी म्हणालो, “न्हाई.”

“मंग झालं,” मामा म्हणाले आणि मेंढरं रानाकडं वळवली. म्हातारी बकरी कळपाच्या मागं लंगडत गेली. तिला कुणी वेगळं काढलं नाही.

त्या संध्याकाळी मेंढरं बाहेरूनच चरून आली होती, त्यामुळं वाडा रानाच्या कोपऱ्यात बसला आणि त्याच्याभोवती जाळी लागली. पाल्याला तोंड लागणार ते सकाळी. म्हणजे मला वेळ होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की सगळं अचानक झालं. प्रार्थनेच्या वेळी बाबांनी नेहमीप्रमाणं मामांच्या कळपासाठीही मागणं केलं. मी आमेन म्हणालो.

सकाळी आईनं पाहुण्यांसाठी भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी टोपलीत घालून मला रानात पाठवलं. मामांच्या घरी रीत होती की नवी सून आली की पहिल्यांदा वाडा तिच्या हातानं मोकळा करायचा. धुरपामामीनं हौसाला कुंकू लावलं, हातात जाळीचा दोर दिला. मेंढरं बाहेर पडायच्या आधी ती पऱ्हाटीपर्यंत गेली, एक पान तोडलं, चुरगाळलं आणि नाकाला लावलं.

“पानाला वास येतोय,” ती मल्हारीला म्हणाली.

“रानाला रानाचा वास येणार. सोड.”

“तसला न्हाई. येगळाच हाय. बघा की तुमी.”

“तुझ्या माहेरच्या रानाला अत्तराचा वास येतो व्हय?” मल्हारी म्हणाला आणि मामी हसल्या. तोच पुढं म्हणाला, “हौसे, लुकाभाऊचं रान हाय ते. सोड, ऊन वर यायलंय.”

हौसानं माझ्याकडं पाहिलं. मी टोपली घेऊन अगदी जवळ उभा होतो. ती सासरच्या माणसांसमोर परक्याशी बोलणार नव्हती, पण तिच्या डोळ्यांत सरळ प्रश्न होता. मी टोपली जमिनीवर ठेवली, फडकं नीट केलं आणि घराकडं निघालो. मागं घंट्या वाजायला लागल्या. हळूहळू, मग सगळ्या मिळून.

गिरणीत बाबांनी इंजिन सुरू केलं होतं. आवाजात मला बरं वाटलं. दळणाच्या बाया होत्या, मी डबे उचलून देत होतो. मग मल्हारी दारात येऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलला. इंजिनमुळं ऐकू आलं नाही, पण त्याचं तोंड बघून बाबांनी इंजिन बंद केलं.

रानात गेलो तेव्हा मेंढरं पऱ्हाटीच्या ओळीओळींत पडली होती. काही पाय झाडत होती, काहींच्या तोंडाला फेस होता, काही नुसती उभी राहून थरथरत होती आणि मग गुडघ्यावर बसत होती. आवाज कुणाचाच नव्हता. मरणारं मेंढरू ओरडत नाही. गावातली माणसं धावली. कुणी ताक आणलं, कुणी चिंचेचं पाणी, बाबा एकेका मेंढराचं तोंड उघडून पाणी पाजत होते आणि ते तसंच परत बाहेर येत होतं. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त कळप गेला. म्हातारी बकरी बांधाजवळ आडवी पडली होती. झाडांवर कावळे येऊन बसले होते, खाली उतरत नव्हते, वाट बघत होते.

शेजारचे किसनकाका बोलले. “बिरू, हे औषधाचं काम हाय. दुसरं न्हाई.”

मामांनी मान वर केली. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“शामू,” किसनकाका म्हणाले, “खरं सांग. फवारलं व्हतंस?”

बाबांचे हात फेसानं भरले होते. ते उठले नाहीत, माझ्याकडं वळलेही नाहीत. आता खरं बोलणं कालच्यापेक्षा कितीतरी अवघड झालं होतं, आणि मला कळत होतं की जसजसा वेळ जाईल तसं ते आणखी अवघड होत जाणार.

“न्हाई,” मी म्हणालो.

“त्यानं न्हाई म्हणलंय,” बाबा म्हणाले.

किसनकाका मागं सरले. मामांनी म्हाताऱ्या बकरीकडं पाहिलं. मग म्हणाले, “लुकाभाऊच्या घरचं न्हाई म्हंजी न्हाई. औषधाचं काम न्हाई हे.”

मग कशाचं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. तो आपोआप तिथं आला. धुरपामामी डोक्याला हात लावून बसल्या होत्या. त्यांनी सावकाश विचारलं, “वाडा कुणी सोडला?”

वाडा कुणी सोडला हे सगळ्यांना माहीत होतं. हौसा मेलेल्या कोकराजवळ बसली होती. ती उठली आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलली. “पानाला वास व्हता. मी म्हणलं व्हतं. ह्यांना इचारा.” तिनं मल्हारीकडं बोट केलं. मल्हारीनं मान फिरवली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. ‘हा बी तिथंच व्हता, ह्यानं ऐकलंय,’ असं तिला म्हणायचं होतं. मी काही बोललो नाही. नाही म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही.

“आल्या आल्या कळप खाल्ला,” गर्दीतून एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, “पांढऱ्या पायाची.” बाबा झटकन म्हणाले, “असं बोलू नका. पोरीचा काय दोष?” मामी म्हणाल्या, “मंग कुणाचा, लुकाभाऊ? तुमीच सांगा.”  उत्तर बाबांच्या मागं उभं होतं.

मेलेली मेंढरं गावानं खड्डा खणून पुरली, कातडीसुद्धा कुणी काढली नाही. उरलेली घेऊन मामा पुढं गेले. हौसाला त्यांनी बरोबर नेलं नाही. तिचा भाऊ येईपर्यंत ती आमच्या ओसरीवर होती. आईनं तिला जेवायला वाढलं, तिनं भाकरी मोडून ताटात तशीच ठेवली. भाऊ आला, तिला घेऊन एसटीच्या थांब्याकडं गेला. तिच्या हातातला चुडा मामीनं काढून घेतला होता. मी गिरणीच्या फटीतून बघत होतो. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. रानात मात्र पुढं कित्येक दिवस वास राहिला, आणि त्यात औषधाचा कोणता आणि मेलेल्या जनावरांचा कोणता हे कुणाला वेगळं करता आलं नसतं.

बाबांनी मला कधीच विचारलं नाही. पण एका संध्याकाळी ते माळ्यावर चढले आणि मी खालून बघितलं, त्यांनी पेटी उघडून औषधाचा डबा उचलला, हातात थोडा हलवला आणि परत ठेवला.  खाली आले तेव्हा प्रार्थनेला बसताना म्हणाले, “कुणाला काही बोलायचं असंल तर आधी बोला. मंग सुरू करू.” आई माझ्याकडं बघत होती. मी हात जोडून बसलो. बाबांनी थांबायचं तेवढं थांबून डोळे मिटले. नंतर कुणी साक्षीला बोलावलं की ते म्हणायचे, “माझ्यापुरतं सांगतो.” लोकांना वाटलं, लुकाभाऊ म्हातारे झाले. मामांकडं जाऊन ते स्वतः का बोलले नाहीत, हे मला ठाऊक नाही. बहुधा ते शेवटपर्यंत माझी वाट बघत होते. ते गेले तेव्हा मी त्यांच्या पायाशी होतो आणि तेव्हाही बोललो नाही.

मी शिकलो, नोकरी केली, परभणीत घर बांधलं. आज सून पाकिटातलं पीठ आणते आणि नातू म्हणतो, आजोबा, तुमच्या गिरणीची गोष्ट सांगा. हौसाबाईंचा पत्ता मी निवृत्तीनंतर काढला. पूर्णेला उतरून पुढं रिक्षानं जायचं होतं. एकदा पूर्णेच्या स्टॅंडवरून परत आलो. दुसऱ्यांदा गावाच्या वेशीवरून. तिसऱ्यांदा, दोन वर्षांपूर्वी, त्यांच्या दारात पोचलो.

भावाच्या घराला लागून एक पत्र्याची खोली होती. त्या बाहेर बसून तुरी निवडत होत्या. केस सगळे पांढरे, डोळे बारीक झालेले. मी पालमकडचा, गिरणीवाल्या लुकाभाऊंचा मुलगा, असं सांगितलं. त्यांनी हात थांबवला.

“लय चांगला माणूस,” त्या म्हणाल्या. “सगळे बोलत व्हते तवा त्यो एकलाच माझ्या बाजूनं बोलला. आई हायत का तुमच्या?”

मी नाही म्हणालो. त्यांनी भाचेसुनेला हाक मारून चहा सांगितला. लग्न पुन्हा कुणी लावून दिलं नाही, रोजंदारीत जन्म गेला, हे त्यांनी पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. दारात एक शेळी बांधलेली होती. दोराचा पीळ तिच्या पायात अडकला होता आणि ती ओरडत होती. हौसाबाई जागच्या हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, “तेवढा दोर सोडवा, दादा. मी जितराबाला हात लावत न्हाई. माझ्या हाताला यश न्हाई.”

मी दोर सोडवला. पाठमोरा होतो, तेव्हा बोलणं सोपं गेलं असतं. तयारी करूनच आलो होतो. रात्र रात्र जागून वाक्य बसवलं होतं, त्यात देवाचं नाव होतं, माफीचा शब्द होता, बाबांचा उल्लेख होता.

मी वळलो तर त्या तुरीच्या सुपाकडं बघत होत्या. “त्या दिवशी पानाला वास आला असं मी म्हणलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “लोक म्हणले, हिनं मागून रचलं. आता मलाच वाटतंय, आला बी नसंल. लई दिस झाले. माणसाला कायबी वाटतंय.”

आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तेच डोळे, तोच सरळ प्रश्न. चहा आला. मी चहा प्यालो, कप उपडा ठेवला, येतो म्हणालो. रस्त्याला रिक्षा उभी होती.

माझं ते मोठं वाक्य त्यांना नकोच होतं. त्यांनी विचारलेल्याला दोन शब्द पुरले असते.

आला होता.